श्वासाची काटकसर

मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी अग्निशमन दलाचा एक जवान आणि त्याची बायको आपल्या नंबरची वाट पाहत बसले होते.

“डॉक्टरीणबाईंना त्यांनी दिलेल्या अ‍ॅपवरचं सगळं दिसतं. काल फोनवर म्हणाल्या, तुमची प्रगती उत्तम आहे.”

“मग झालं तर. घरी जाऊ.”

“अहो, ती प्रगती तुमच्या आईंची आहे! श्वासाच्या व्यायामाची वेळ झाली, की फोन त्यांच्या हातात देऊन तुम्ही गच्चीवर पळता.”

“आईला आवडतो तो व्यायाम.”

“आवडणारच. हल्ली दुपारी अशा घोरतात, की मांडणीतली भांडी हलतात.”

“म्हणजे अ‍ॅप चांगलं आहे.”

“आणि तुम्ही? ती इमारत कोसळल्यापासून झोपेत श्वास रोखून धरता. मी जागी राहून ऐकत बसते, पुढचा येतोय की नाही.”

“अगं, ढिगाऱ्याखाली पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा मोजकीच असते. पुरवून पुरवून घ्यावी लागते. आणि हे अ‍ॅप म्हणतं, दीर्घ श्वास घ्या. अशी उधळपट्टी जमत नाही मला.”

“तिथे जपून घेतलीत, म्हणून परत आलात. पण आपल्या पलंगावर कुठला आलाय सिलिंडर?”

“सवय लागलीय.”

“आत गेल्यावर खरं काय ते सांगा.”

“मग आईची प्रगती वाया जाईल.”

“आईंचं मी बघते. उठा, नंबर आला. आधी एक मोठा श्वास घ्या.”

“इथे? सगळ्यांदेखत?”

“घ्या हो. खिडकी उघडीच आहे.”

“घेतला.”

“एवढासा? आईंचा याच्या दुप्पट असतो. पुन्हा घ्या.”