सावडीतला संप

राव, पावण्याला चहा पाजावा, रानात नेऊ नये! पोरीची अमेरिकेतली मैत्रीण ओतूरला आमची कांद्याची लागण बघायला आली. मूळची आयरिश. ती बांधावरून बायांना सांगायला लागली, पोरगी मराठी करत व्हती. तिचे पणजोबा उपासमारीनं आयर्लंड सोडून गेले, खाणीत राबले, संप केला तवा कुठं कामाचे तास कमी झाले.

झालं! समद्या बायांनी रोपं खाली टाकली अन् बसल्या.

मी म्हणलं, "अगं, रोपं सुकत्यात! मी काय मालक हाय व्हय? मजुरी न्हाई, सावड हाय ही. आज तुमी माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. संप कुणाच्या नावानं?"

शेजारची शांताबाई पदरानं वारा घेत म्हणली, "मग उद्या तुमी आमच्या रानात येऊन बसा, भाऊ. सावड फिटली!"