गाडी त्याने कडेला घेतली होती

गोडादऱ्यातल्या माझ्या माणसांनो, कामं सोडून तुम्ही माझ्या भावाच्या शोकसभेला आलात. मी बोलायला उभी राहिलेय. रडू येतंय म्हणून नाही. राग येतोय म्हणून.

सुनील माझा धाकटा भाऊ. कडोदऱ्याहून कापडाचे तागे टेम्पोत भरून सुरतच्या मार्केटला पोचवायचा. त्याला डायबिटीस होता. इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं, तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, जीभ अडखळते. डॉक्टरांनी हे समजावलं होतं. म्हणून सीटशेजारी ग्लुकोजचा पुडा कायम असायचा. मी काळजी केली की म्हणायचा, "ताई, पहिले गाडी थांबाडसू, मंग खासू." आणि तसंच करायचा, आधी गाडी थांबवायचा, मग ग्लुकोज खायचा.

त्या दुपारी माल भरायला उशीर झाला. इन्सुलिनची सुई घेऊन हा डबा उघडतोय, तर मॅनेजर ओरडला, "खाना बाद में, पहले गाडी निकाल!"

निघाला. वाटेत चलथाणजवळ साखर उतरायला लागली असेल. काय केलं त्याने? गाडी कडेला घेतली. इंडिकेटर लावला. इंजिन बंद केलं. रस्त्यावर कुणाला खरचटलंसुद्धा नाही!

तो पुडा शोधत होता, तेवढ्यात माणसं जमली. "पीधेलो छे!" दारू प्यायलाय म्हणे! खाली ओढला त्याला. चावी काढून घेतली, दार लॉक केलं. पुडा आतच राहिला. शेजारी उसाच्या रसाची गाडी उभी होती. एक ग्लास कुणी पाजला असता तर? एक ग्लास!

मला हे कसं कळलं? त्यांनी व्हिडिओ काढला. त्यात माझा भाऊ म्हणतोय, "साखर द्या... साखर." आणि माणसं हसतायत. हसतायत! ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो बेशुद्ध होता. पुन्हा डोळे उघडलेच नाहीत.

तो व्हिडिओ आपल्या गल्लीतही फिरला. खाली लिहिलेलं, 'बेवडा'. फिरवणारे इथेच बसलेत. माना खाली घालू नका. मनीषा, त्याची बायको, समोर बसलीय. तिच्याकडे बघा!

ड्रायव्हर भावांनो, सुई घेतली असेल तर उपाशी गाडी काढू नका. मॅनेजर ओरडतो, ओरडू दे. साखर सीटवर नको, खिशात ठेवा. आणि रस्त्यात कुणी अडखळत बोलताना दिसला, तर हात उगारण्याआधी विचारा, बाबा, तुला डायबिटीस आहे का? एवढं जड आहे का हे विचारणं?

माझा भाऊ शहाणा ड्रायव्हर होता. त्याच्यासाठी आता उभे राहा. आणि गप्प राहा. त्याच्याबद्दल जे बोलायचं, ते तुमचं बोलून झालंय.