धुतलेली चोवीस

पुसू नका. अहो, शर्टाला पुसू नका म्हटलं ना — ठेवा ते खाली, त्या कापडावर, हं, आणि उचलायचंच झालं तर कडेने उचला, दोन बोटांत, गरम पेला उचलतो तसं. नाण्याच्या तोंडाला हात नाही लावायचा. का म्हणजे? बोटाला घाम असतो, शर्टाला धूळ असते आणि तुम्हाला हौस असते — तिघं मिळून नाण्याचं वाटोळं करतात. बसा त्या स्टुलावर. जरा जपून, एक पाय आखूड आहे त्याचा. मालक नाहीयेत, मी आहे. मालकीण म्हणा, मोलकरीण म्हणा, सकाळपासून कोण काय म्हणेल ते आहे. हे डोळ्यांच्या दवाखान्यात गेलेत. मोतीबिंदू. सोमवारी ऑपरेशन, आज नुसते थेंब घालून तपासणार. आता नाण्यांच्या दुकानदाराला मोतीबिंदू झाल्यावर राहिलं काय — गेलं वर्षभर हे नाणं नखाने वाचतायत. बारीक आकडे मी मागून पुटपुटते, हे नुसतं "हं" करतात, आणि गिऱ्हाईक बाहेर जाऊन सांगतं, काय नजर आहे या माणसाची. आंधळं दळतंय, एवढंच की पीठ मीच खातेय.

बरं, हे कुठून आणलंत? थांबा, मीच सांगते. रविवारचा बाजार, पुलाखाली, मोठ्या छत्रीचा माणूस. बरोबर? आणि म्हणाला, आजोबांच्या पेटीत सापडलं. त्याला आजोबा किती आहेत देव जाणे, दर रविवारी एकाची पेटी उघडते. अहो, गोष्ट फुकट असते. ऐकायची, मान डोलवायची, पण पैसे द्यायचे ते नाण्याचे. आणि तुम्ही "घरी विचारून येतो" म्हणालात, तेवढ्यात एक टोपीवाला आला असेल — आला ना? — आणि म्हणाला असेल, हे नाही घेत का, मग मी घेतो. तो त्याचा मेहुणा. चांगला माणूस आहे, एरवी पंखे दुरुस्त करतो. आणा ते इकडे, काट्यावर ठेवू. साडेनऊ. असायला हवं साडेअकरा. म्हणजे दोन ग्रॅम राजाने खाल्ले? आता कड बघा, हे घ्या भिंग — अहो, भिंग डोळ्याला लावायचं, नाणं जवळ आणायचं, तुम्ही दुर्बीण धरल्यासारखं काय करताय — दिसली रेघ? सबंध गोल फिरलीय ना? साच्याचे दोन अर्धे जोडले, त्याची शिवण आहे ती. खरं नाणं ठोकलेलं असतं, हे ओतलेलं आहे, बटणासारखं. किती दिलेत? नको, राहू दे, माझं जेवण व्हायचंय.

तोंड नका पाडू. पहिलं नाणं सगळ्यांचं खोटंच असतं, ज्याचं खरं निघतं तो पुढे जास्त बुडतो. एक वही करा, आधी दर बघायला शिका, सहा महिने नुसतं बघा. पण तुमचं ते उतावीळ काम — कपाट आधी केलंत ना? बघा. काचेचं? दिवे लावलेले? मग ते रिकामं बघवत नाही आणि माणूस मिळेल ते आणून कोंबतो. किलोवर मिळणारी परदेशी नाणी, प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेली, वर छापलेला दाखला — तो दाखला समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे होतो, रंगीत हवा असेल तर जरा जास्त घेतो, इतकंच. आणि "तुमच्यासाठी म्हणून" असं जो म्हणेल ना, तिथून चप्पल पायात घालून निघायचं. आमचे हेही म्हणतात. पोराच्या वयाच्या गिऱ्हाइकाला म्हणतात, बापाच्या वयाच्याला म्हणतात, एकदा मला म्हणाले, डाळीची पिशवी देताना. पण ह्यांचं एक आहे, पावतीवर "पंधरा दिवसांत परत" लिहून देतात, सही करून. जो लिहून देत नाही त्याच्याकडून पोस्टाचं तिकीटसुद्धा घेऊ नका.

आता कुठे बघताय? मघापासून तेच चाललंय, माझ्याशी बोलताय आणि डोळे खिडकीतल्या त्या ट्रेवर. वाटलंच. नवशिका आला की तिथेच चिकटतो, दिव्यावर पाखरू यावं तसा. चोवीस नाणी, बोकडदाढी राजा, चोवीस वर्षं गादीवर होता, दर वर्षाचं एक. आणि हवाबंद काचेखाली कशी चकचकतायत. आता ऐका, फुकट सांगते — शंभर वर्षांचं चांदीचं नाणं आणि चेहरा कसा, तर नवऱ्यामुलासारखा, असं दिसलं की समजायचं धुतलंय. जुन्या चांदीवर काळपट थर चढतो, तीच तिची अब्रू. ती एकदा घासली की संपलं, परत तशी चढत नाही, कुणी घेत नाही, उरते ती चांदीच्या वजनाची किंमत. आणि चिठ्ठी बघा किती लावलीय. ऐंशी हजार. दरवर्षी वाढवतात, जुनी चिठ्ठी फाडून नवी. म्हणून हे नसले की मी प्रत्येकाला सांगते, ट्रेकडे बघू नका. एकोणतीस वर्षं सांगतेय. त्यांना वाटतं, ट्रे नशिबाने विकला जात नाही.

कुणी धुतली म्हणजे? एका मूर्खाने. बाईने. — हसताय काय. हो, मीच. लग्न होऊन तिसरा महिना, मला काय माहीत, माझ्या माहेरी पितळेची भांडी आणि एक घड्याळ, याच्यापलीकडे जुनं काही नव्हतं. हे लिलावाला परगावी गेले होते दोन दिवस. आम्ही तेव्हा मोठ्या दिरांच्या घरी, मागच्या खोलीत, जाऊबाईंना विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडायची नाही. कपाट आवरताना ट्रे सापडला, नाणी काळी मिचकूट. म्हटलं, बिचाऱ्याला वेळ नसेल. लिंबू, मीठ, दात घासायची पावडर. दोन दुपारी बसून घासली, एकेक, जुन्या ब्रशने, राजाच्या दाढीचा केस न् केस मोकळा केला. बोटांची सालं निघाली. दाराला कान लावून बसले होते, कधी येतात, कधी दाखवते.

आले. हातात बॅग तशीच, ट्रेकडे बघत उभे. मी आपली हसतेय. मग म्हणाले, "हात बघू." बघितले हात. म्हणाले, "छान निघालीत." आणि मोरीत गेले आणि नळ सोडला, तो बराच वेळ चालू. मला वाटलं, प्रवासातून आलेत, पाय धूत असतील.

सात वर्षांनी कळलं मला. दुकान नवं घेतलेलं, मी डबा घेऊन आले, आणि हे आतून एकाला सांगत होते, "धुतलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं." डबा तसाच हातात धरून परत गेले मी. संध्याकाळी त्यांच्या जुन्या वह्या काढल्या. ती चोवीस जमवायला अकरा वर्षं लागली होती. शेवटच्या दोन नाण्यांसाठी मोटरसायकल विकलेली. आणि घेणारा ठरलेला होता, आगाऊ बोलणं झालेलं — त्या पैशांत आम्ही वेगळं घर करणार होतो. मी घासली म्हणून सहा वर्षं जास्त राहिलो त्या मागच्या खोलीत. सहा वर्षं जाऊबाईंच्या शिव्या खाल्ल्या, हा माणूस शेजारी बसून मूग गिळून जेवायचा, आणि मी मनातल्या मनात त्यालाच कोसायचे, की याच्यात दम नाही, याला वेगळं राहायचंच नाही. — नाही, बोलले नाही कधी. त्यांना माहीतच नाही की मला माहीत आहे. काय बोलणार? लाज वाटते. अजून वाटते, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी शटर वर गेलं की पहिली तीच समोर चमकतात, आणि मला वाटतं, हा माणूस बोलत नाही, पण खिडकीत मांडून ठेवलंय बघ, तुझं पराक्रमाचं काम. वर एखादा बावळट फसला तर ऐंशी हजार सुटले. दोन्ही हिशेब एकाच ट्रेत. पक्का दुकानदार.

म्हणून ऐका आता. मला तुमचा चेहरा बरा वाटला, फसलेला माणूस खोटं कमी बोलतो. तो ट्रे आज न्या. चांदीच्या वजनाने देते, वर एक पै नको. धुतलेली आहेत हे पावतीवर लिहून देते, म्हणजे उद्या तुम्ही दुसऱ्याला टोपी घालायला नको. शिकायला उत्तम माल आहे, वजन खरं, कड खरी, आणि तुमचं ते दिव्यांचं कपाट एका फटक्यात भरतं. हे आले की सांगेन, विकली. सोमवारी डोळा होईल, आठ दिवसांनी पट्टी निघेल, वर्षभराने धडपणे दिसायला लागेल माणसाला — तेव्हा दुकानात पाऊल टाकल्यावर पहिलं ते दिसायला नको. एवढंच हवंय मला. द्या तो कागद इकडे, गुंडाळते. दोरी कुठे गेली… हां. पैसे तिथेच ठेवा काउंटरवर.

तुम्हाला काय झालं? चांगला सौदा दिला तर तोंड असं का? बोला की. गेल्या महिन्यात आला होतात? इथे? मी नसेन, मी बहिणीकडे होते तेव्हा. मग? — ऐंशी हजार? रोख? अहो, वेडे आहात का तुम्ही, धुतलेल्या… बरं, मग, पुढे? नाही म्हणाले. म्हणजे काय, नाही म्हणाले? हा माणूस गंजलेला खिळा पुरातन म्हणून विकेल, हा नाही म्हणाला? चिठ्ठी चुकलीय म्हणाले… आणि तुमच्या समोर नवी लिहिली? लाखाची? मग ही ऐंशीची कशी अजून — हां, मीच लिहून लावली परत. मला वाटलं, दिसत नाही म्हणून आकडा चुकलाय.

आणि तुम्ही परत आलात. लाख घेऊन. खरंच काही इलाज नाही तुमच्यावर. मग काय म्हणाले? सांगा ना, अडखळताय काय. त्यांनी स्वतः सांगितलं, धुतलेली आहेत, काडीची किंमत नाही. आणि तुम्ही म्हणालात, तरी चालेल. आणि ते म्हणाले…

परत सांगा.

"मला नाही चालणार."

आणि भिंग दिलं तुमच्या हातात? काय बघायला? एक ओरखडा सापडतो का, चोवीसमध्ये… सापडला? नाही ना. नाहीच सापडणार, मी ब्रश आधी पाण्यात भिजवून मऊ केला होता. असं म्हणाले? स्वतःच्या तोंडाने, "असं काम आजवर कुणाचं बघितलं नाही"? हसत होते? नक्की हसत होते की डोळे बारीक केले होते, त्यांना उजेड सहन होत नाही हल्ली. हसत होते.

लबाड. किती लबाड माणूस आहे हा.

काय? नाही. नाही, सोडा तो कागद. सोडा म्हणते ना, फाटेल. झालेला नाही सौदा, दोरीची गाठ मारली नव्हती अजून. उचला तुमचे पैसे. सगळे उचला, मोजू नका इथे, मी काही काढून घेतलेले नाहीत. शब्द बिब्द काही नाही, व्यापारात कसला शब्द, मी मालकीण नव्हेच मुळी, मालकांना विचारा. आणि विचारलंत तरी तेच सांगतील. ते बटण घेऊन जा तुमचं, कपाटात ठेवा, वर लिहा "पहिलं". सरका जरा, मला खिडकीत ठेवू द्या हे. कुठला कोपरा वर होता… हा. राजाचं तोंड दाराकडे असतं.

बस थांबली वाटतं. हो, तेच, काठी आपटत येतायत, सांगितलं होतं रिक्षा करा म्हणून. त्यांना यातलं काही बोलायचं नाही, कळलं का? थेंब घातलेत, आत्ता काही दिसायचं नाही त्यांना. तुम्ही नाही दिसणार, मीही नाही. बरंच आहे. तुम्ही आतून जा, मोरीशेजारून, कडी वर ढकला म्हणजे उघडते. जा ना, बघत काय उभे राहिलात.