बाबांचं पान

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या दातांच्या दवाखान्यात तारामतीबाई आपल्या नंबरची वाट पाहत होत्या. शेजारी मांडीवर लॅपटॉप घेतलेला एक तरुण आणि त्याची मोठी बहीण बसले होते.

"प्रशांत, आई सकाळपासून जेवली नाही. काय केलंस तू वेबसाइटचं?"

"काही नाही ताई. बाबांच्या गाण्याच्या क्लासची साइट नव्यानं लिहिली. कोणता पत्ता टाकला की कोणतं पान उघडायचं, त्याची सगळी यादी आता एकाच फाइलमध्ये आहे. एकदम साफ."

"आणि बाबांचं पान?"

"त्याची ओळ यादीतून काढली. क्लास आता तू घेतेस ना?"

"बाबा गेल्यापासून आई रोज चहा घेताना तेच उघडायची. त्यावर त्यांनी गायलेला भूप राग होता."

"मला काय मालूम?"

"आज उघडायला गेली तर भलतंच काही आलं म्हणे."

"यादीत नसलेला पत्ता टाकला की एक ठरलेलं वाक्य येतं. मीच लिहिलंय."

"काय लिहिलंयस?"

"'आपण शोधताय ते आता इथे नाही.'"

"आणि आईनं ते वाचलं."

"हौ, हौ. टाकतो परत. एक ओळ तर आहे."

आतून तारामतीबाईंचा नंबर पुकारला गेला. "तुम्ही जा आधी," त्या पलीकडच्या गृहस्थांना म्हणाल्या.

"झालं. लाव आईला फोन."

"हॅलो, आई? आता उघड ते पान. हो, तोच पत्ता."

"आलं का?"

"थांब."

"काय म्हणतेय?"

"बोलत नाहीये. मागून बाबा ऐकू येतायत."