पंचविसावा लंगोट

...आणि हसताय काय? पंचवीस! रोजचे पंचवीस लंगोट, तुम्हाला सांगतो, आधी गार पाण्यात खळबळायचे, मग हंड्यात साबणाचा कीस घालून उकळायचे, पिळायचे, वाळत घालायचे, काढायचे आणि वर इस्त्री, तीही दोन्ही बाजूंनी! का? तर आमच्या सासूबाई, स्तामेनियाबाई, म्हणतात, "उलट्या बाजूनं काय बसलेलं असेल कुणास ठाऊक, जावईबापू." काय बसलेलं असणार, असं मी एकदाच विचारलं. त्यांनी नुसतं खिडकीकडे बघितलं... त्या दिवसापासून मी दोन्ही बाजूंनी इस्त्री करतो.

आधी चोवीसच होते हो. पंचविसावा कुठून आला, तेच तर सांगतोय!

लग्नानंतर अकरा वर्षांनी आम्हाला पोर झालं. अकरा! बायकोला, ल्युबिंकाला, चाळीस दिवस उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला बंदी, सासूबाईंची बोटं संधिवातानं वाकडी, मग दोरीपाशी कोण? मी. ज्या राद्मिलोच्या दुकानातून अख्खं गाव दोऱ्या, चिमटे आणि साबण नेतं, तो राद्मिलो भर चौकासमोर लंगोट वाळत घालतोय! शेजारची कोसाराबाई कुंपणावर कोपरं टेकून म्हणते, "काय राद्मिलोशेठ, नवा माल वाटतं? घाऊक की किरकोळ?" मग आत येऊन पाळण्यात डोकावते, "शी शी, काय कुरूप कार्टी आहे!" म्हणून तीनदा थुंकते, आणि आम्ही खूश होऊन तिला घरची दारू, राकिया, पाजतो. गोड म्हणाली असती तर दृष्ट लागेल म्हणून सासूबाईंनी हाकलून दिली असती.

सगळ्या नियमांचा बाप एकच. चाळीस दिवस बाळाचं कापड दोरीवरून घरात यायचं... सूर्य बुडायच्या आत!

राहिलं तर? मी हसत विचारलं होतं, म्हटलं, काय होईल, दव पडेल? सासूबाई भाजलेल्या मिरच्या सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझा पहिला मुलगा अडतिसाव्या दिवशी गेला. एक टोपडं राहिलं होतं दोरीवर." आणि पुढची मिरची घेतली.

तुम्हीच सांगा, यानंतर माणूस हसतो? माझं घड्याळ गेलं, पंचांग गेलं, मी सूर्याकडे बघून जगायला लागलो. गिऱ्हाईक बटणं निवडतंय आणि मी त्याच्या डोक्यावरून डोंगराकडे बघतोय!

आणि उजाडला अडतिसावा दिवस. दुपारी डॅन्यूबवरून कोशावा वारा सुटला, तो आपला नेहमीचा, घराच्या फटीत तोंड घालून कण्हणारा. कुत्री खाटेखाली. आमची रोज संध्याकाळी गाव डोक्यावर घेणारी कार्टी, ती त्या दिवशी गप्प. डोळे टक्क उघडे, खिडकीकडे. मी दुकानात होतो. काय करत होतो? बढाई मारत होतो! घाटापलीकडच्या एका बाईला छाती ठोकून सांगत होतो, "बाई, राद्मिलोचा चिमटा! कोशावा दात विचकत आला तरी हा धरलेलं सोडायचा नाही!" आणि बोलता बोलता डोंगराकडे नजर गेली... सूर्य दोन बोटं उरला होता!

धावलो. चपला कुठे, टोपी कुठे! लंगोट आडवे होऊन फडफडतायत, जणू कुणी पलीकडून ओढतंय. एकवीस... बावीस... तेवीस...

चोविसावा चिमटा जागेवर होता. धरलेलं त्यानं सोडलं नव्हतं, तेवढं खरं! त्याच्या दातांत एक लाल धागा होता. सासूबाईंनी वाकड्या बोटांनी प्रत्येक लंगोटाच्या कोपऱ्याला नजरेसाठी शिवलेला, तो. नुसता धागा. लंगोट नाही.

आणि सूर्यही नाही.

माझी पाचावर धारण बसली. पण दुकानदाराचं डोकं, बसलेल्या धारणेतही चालतं! दुकानातून कोरा लंगोट काढला, बुचकळला, इस्त्रीनं सुकवला, दोन्ही बाजूंनी, बरं का, आणि तोच लाल धागा कोपऱ्यात ओवून गाठ मारली. सासूबाईंनी मोजले. चोवीस. एक बोट त्या कोपऱ्यावरून फिरवलं, म्हणाल्या, "हं." बस, हं! मला कोटाच्या आत घाम फुटला. पोर गप्पच. मी कपाळाला हात लावून बघतो, गार की गरम, काही कळेना...

सकाळी फाटक वाजलं. कोसाराबाई! हातात ओला लंगोट. "तुमचाच ना हो? रात्रभर माझ्या अक्रोडावर लोंबत होता." रात्रभर! अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात! ल्युबिंकाच्या हातातली वाटी पडली. ती माझ्याकडे बघतेय, मी जमिनीकडे, आणि जमीन काही फाटत नाही.

सासूबाईंनी एप्रनच्या खिशातून माझा कोरा लंगोट काढला. "ही गाठ पुड्याची आहे, जावईबापू. साखरेच्या पुड्याला बांधतात ती. काल बोटाला लागली तेव्हाच कळलं." त्यांचे डोळे लाल होते. रात्रभर पाळण्याभोवती ऊद जाळत बसल्या होत्या, एकट्या, आणि मी आपला समजत होतो की चूल धुरावतेय!

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोलून काय झालं असतं? दोघंही घाबरला असतात. घाबरायला मी होते ना."

आणि तेवढ्यात कार्टीनं भोकाड पसरलं! काय सांगू, जन्मात इतका गोड आवाज ऐकला नव्हता... आम्ही तिघंही रडलो, कोसाराबाईसुद्धा.

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! सासूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता मोजणी पहिल्यापासून. एक." अडतीस दिवस पाण्यात! म्हटलं, निदान तो खोटा लंगोट तरी चुलीत टाका. तर म्हणाल्या, "पोरीसाठी आलेलं जाळायचं नसतं." म्हणून पंचवीस.

आज सहावा दिवस. काय म्हणालात, चिमटे हवेत? न्या, डझनभर न्या, धरतात पक्के... काय धरतात, ते मला विचारू नका. आणि आता उठा, उठा सगळे, सावली दारापर्यंत आली. राद्मिलोचं दुकान रोज बंद होतं, सूर्य बुडायच्या आत!