झग्याआडची माउली

(नवार प्रांतातलं डोंगरगाव, सतराव्या शतकातला एक उन्हाळा. चर्चच्या वेदीमागच्या लहानशा खोलीत मरियामातेची मूर्ती, तिला नेसवणारी म्हातारी ब्रियांदा आणि पांप्लोना शहरातून आलेला मूर्तिकार मेल्चोर. दाराला आतून कडी.)

ब्रियांदा : थांबा, अजून घट्ट बांधते. तुम्हाला उजेड दिसतोय.

मेल्चोर : कुठला उजेड, बाई? तुमच्या या रुमालाला लसणाचा वास येतोय, तेवढाच काय तो कळतोय.

ब्रियांदा : सकाळी रस्सा केला, हात पुसले त्याला. येऊ द्या वास. नाकानं बघता येत नाही ना? मग झालं.

मेल्चोर : उभा जन्म लाकूड तासत आलोय मी. डोळे बांधून मूर्ती तपासा, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

ब्रियांदा : दुसऱ्या गावच्या बायका तशा असतील. इथं माउलीचा झगा उतरला की खोलीत पुरुष थांबत नाही. पाद्रीबाबासुद्धा नाही. माझ्या आधी माझी सासू नेसवायची, तिच्या आधी तिची आतेसासू. एकीनंही पुरुषाला हा उंबरा ओलांडू दिला नाही. तुम्हाला आत घेतलं तेच जिवावर आलंय माझ्या.

मेल्चोर : मग घेतलंत कशाला?

ब्रियांदा : नाही घेतलं तर तिला तुमच्या गाडीत घालून शहरात धाडणार म्हणे. तिथं तुमच्या कारखान्यात येणारे जाणारे सगळे बघणार. त्यापेक्षा एक आंधळा बरा.

मेल्चोर : बरं, आंधळा तर आंधळा. काम काय ठरलंय ते कानावर आलंय ना तुमच्या?

ब्रियांदा : या गावात शिंकलं तरी माझ्या कानावर येतं. गेल्या ऑगस्टच्या सणाला मिरवणुकीत माउली एका अंगाला कलली. पलीकडच्या गावचे लोक बघायला आले होते, ते हसले. झालं, आमच्या पुरुषांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या गावात नवी मूर्ती आलीय ना, उंच, हात पसरलेली, काचेच्या डोळ्यांची. म्हणून आमची एकदम जुनी झाली.

मेल्चोर : ती मीच केलीय.

ब्रियांदा : ठाऊक आहे. डोळे बटबटीत झालेत.

मेल्चोर : ते मलाही वाटतं. पण गावाला तसेच हवे होते. हे बघा बाई, आडपडदा न ठेवता सांगतो. गावची मंडळी म्हणतात, हिचा चेहरा देखणा आहे, तो ठेवायचा. मानेपासून कापून घ्यायचा आणि खाली फळ्यांचं नवं, हलकं धड करायचं. जुनं धड किडलंय म्हणतात. ते जाळायचं आणि राख बाप्तिस्म्याच्या कुंडाखाली पुरायची.

ब्रियांदा : मान कापायची.

मेल्चोर : यंदा दोन कापल्या मी. पातळ करवत असली की काही अवघड नाही. तिला दुखत नाही, बाई.

ब्रियांदा : तुम्हाला विचारलं का मी, दुखतं का म्हणून? हात आणा इकडे. थांबा, धुतलेत ना?

मेल्चोर : तुमच्यासमोरच धुतले. तुम्हीच परत धुवायला लावलेत.

ब्रियांदा : मग हा घ्या खांदा. हळू. गाढवाच्या पाठीवर हात फिरवताय का?

मेल्चोर : अक्रोडाचं लाकूड. वा. लोण्यासारखं तासलंय. हात मात्र मूळचे नाहीत, खुंटीवर फिरतात. मूळचे खांद्यापासून कापलेत. झग्याच्या बाह्या नीट चढाव्यात म्हणून असणार.

ब्रियांदा : ते आमच्या सगळ्यांच्या आधी कधीतरी झालं.

मेल्चोर : छाती ठणठणीत आहे. पाठही. कीड कुठंय? नुसतं वर्षानुवर्षांचं मेण आणि धूर. आता कंबर. कंबरेखाली... हे काय? हे इतकं पुढं का आलंय?

ब्रियांदा : चाचपा. तुम्ही मूर्तिकार ना?

मेल्चोर : हा गुडघा आहे. हा दुसरा. ब्रियांदाबाई, ही बसलेली आहे.

ब्रियांदा : हो.

मेल्चोर : अहो, सारं गाव हिला उभी माउली म्हणतं. मला बोलावणं आलं तेही उभ्या माउलीसाठी. पाद्रीबाबा मला म्हणाले, उभं राहून राहून बिचारी थकली, म्हणून कलली.

ब्रियांदा : त्यांनी झगा बघितलाय. झगा उभाच असतो. ती बसलीय, खाली लाकडी खोकं आहे, आणि झगा वरून खोक्यासकट जमिनीपर्यंत येतो. नेसवणाऱ्या बाईला तेवढं माहीत असतं. आम्ही बोलत नाही.

मेल्चोर : खोकं कुठंय? हां. अरे, माझं बोट आत गेलं. भुसा झालाय नुसता. म्हणजे माउली कलली नाही, खोकं खचलं. कीड सगळी खोक्यात आहे.

ब्रियांदा : मग खोकं बदला आणि सुखानं घरी जा.

मेल्चोर : खोकं तर कुठलाही सुतार बदलेल. मला बोलावलंय ते उभ्या मूर्तीसाठी. थांबा, मांडीवर ही खाच कसली? करवतीची आहे. इथं बाळ येशू होता. जुन्या मूर्ती अशाच असायच्या, आई बसलेली आणि लेकरू मांडीवर. पुढं झगे नेसवायची पद्धत आली. मांडीवरचं बाळ झग्याला आड येत असणार, म्हणून कापलं. बाहेर हातावर दिसतं ते बाळ वेगळंच, बांधलेलं.

ब्रियांदा : झालं ना माप? काढा हात.

मेल्चोर : आत काहीतरी कोंबलंय. कापड. उंदरांनी घर केलंय वाटतं...

ब्रियांदा : हात काढा म्हणते ना.

मेल्चोर : हे शिवलेलं आहे. नाडी आहे याला. टोपडं आहे हे. एकावर एक... ही सगळी टोपडीच आहेत. पण इतकी लहान? माझी मूठ नाही मावत.

ब्रियांदा : नका हो. पाया पडते तुमच्या, ती विस्कटू नका.

मेल्चोर : नाही विस्कटत. हे बघा, हात मागे घेतले. कुणाची आहेत?

ब्रियांदा : जी लेकरं रडलीच नाहीत, त्यांची. बाप्तिस्म्याच्या आधीच गेली. अशा लेकराला चर्चच्या आवारात जागा नाही. नाव नाही. त्याच्यासाठी प्रार्थना म्हणत नाहीत. ते स्वर्गातही जात नाही म्हणतात, मधेच कुठंतरी राहतं. बाप फडक्यात गुंडाळून नेतो आणि कुंपणापलीकडं पुरून येतो. कुठं पुरलं ते बायकोला सांगतसुद्धा नाही. परत येतो आणि गपचूप जेवायला बसतो. मग त्या बाईनं कुठं जायचं? ती माझ्याकडं येते. शालीखाली टोपडं असतं, आधीच शिवून ठेवलेलं. मी ते घेते आणि इथं ठेवते. मांडी मोकळीच होती तिची. तिचंही लेकरू कापूनच नेलं होतं ना.

मेल्चोर : हे कुणी सुरू केलं?

ब्रियांदा : मला आलं ते सासूकडून. तिनंही माझ्यासमोर पहिल्यांदा झगा उतरवला तो माझं टोपडं ठेवायलाच. ते तळाशी आहे. पिवळं पडलंय आता.

मेल्चोर : पाद्रीबाबांना कळलं तर?

ब्रियांदा : माणूस वाईट नाही तो. पण वरून नियम आलेत. मूर्तीपाशी असलं काही सापडलं की बिशपसाहेबांना कळवावं लागतं. मग काढून जाळतील. आणि तुम्ही धड जाळलंत तरी तेच. तिची मांडीच राहणार नाही. त्या बायका अजून येतात हो, मेस्त्री. सणाला मिरवणूक निघते तेव्हा चेहऱ्याकडं बघत नाहीत त्या. झग्याकडं बघतात, हा इथं, गुडघ्यापाशी. त्यांना मी काय सांगू? परत एकदा गेलं म्हणून?

फर्मिन : (पाद्रीबाबा, दाराबाहेरून) मेस्त्री, अहो मेस्त्री! झालं का माप? मंडळी अंगणात जमली आहेत. कापायला कधी घेणार, विचारत आहेत.

ब्रियांदा : पाद्रीबाबा, माउलीच्या अंगावर झगा नाही.

फर्मिन : ब्रियांदा, दार उघडा. किती किडलं आहे ते मला एकदा पाहिलं पाहिजे. उद्या कुणी विचारलं तर उत्तर मी द्यायचं आहे.

ब्रियांदा : झगा नाही म्हणते ना मी.

फर्मिन : पण मेस्त्री तर आत आहेत!

ब्रियांदा : त्यांचे डोळे बांधलेत.

फर्मिन : डोळे बांधून माप घेताय, मेस्त्री?

मेल्चोर : घेतोय, पाद्रीबाबा. बांधलेत, आणि नाकाला झणझणतंयसुद्धा. तुम्ही आलात तर तुमचेही बांधतील, मग तुम्हाला काही दिसायचं नाही.

फर्मिन : बरं. मी इथेच उभा आहे. मान केव्हा कापणार, तेवढं सांगा.

ब्रियांदा : सांगा की, मेस्त्री.

मेल्चोर : मान कापता येणार नाही.

फर्मिन : म्हणजे? पलीकडच्या खोऱ्यात तुम्ही कापली होती. तिथल्या पाद्रींनी स्वतः सांगितलं मला.

मेल्चोर : ते मऊ लाकूड होतं. हे अक्रोड आहे, आणि डोकं आणि धड एकाच खोडातून काढलंय. मानेला करवत लावली की चीर सरळ कपाळापर्यंत जाईल. तुमच्या माउलीचा चेहरा दुभंगेल. मग अंगणातल्या मंडळींना तोंड कोण दाखवणार, तुम्ही की मी?

फर्मिन : अरे देवा. आणि किडीचं काय?

मेल्चोर : धडात कीड नाही. खालच्या बैठकीत आहे. ती नवी करून देतो, रुंद आणि भक्कम. परत कलायची नाही.

फर्मिन : त्यांना पसरलेले हात हवे होते.

मेल्चोर : हात नवे देतो, पसरलेले. आणि बैठक उंच करतो. पलीकडच्या गावच्या मूर्तीपेक्षा चार बोटं उंच.

फर्मिन : चार बोटं?

मेल्चोर : ती मीच केलीय. उंची पाठ आहे मला.

फर्मिन : हे मात्र त्यांना फार आवडेल. खरं सांगू, मेस्त्री? तिच्या गळ्याला करवत लावायची कल्पना मलाही सोसत नव्हती. काल झोप लागली नाही. जातो, सांगतो त्यांना. ब्रियांदा, तुमचं सावकाश चालू द्या.

ब्रियांदा : गेले. पायऱ्या उतरले. मेस्त्री, मानेचं खरं होतं का ते?

मेल्चोर : यंदा कापलेल्या दोन्ही अक्रोडाच्याच होत्या.

ब्रियांदा : म्हणजे चर्चमध्ये खोटं बोललात. तिच्या समोर.

मेल्चोर : ऐकलं की तिनं. काही म्हणाली नाही.

ब्रियांदा : देव तुमचं भलं करो. रडवलंत बघा मला म्हातारीला. बसा त्या बाकावर, मी तिला नेसवते. मग डोळे सोडते तुमचे.

मेल्चोर : घाई नाही. राहू द्या बांधलेले.

ब्रियांदा : का हो? आत्तापर्यंत तर कुरकुर चालली होती.

मेल्चोर : बाई, ती बाई याच गावची असावी लागते का?

ब्रियांदा : कुठली बाई?

मेल्चोर : टोपडं आणणारी.

ब्रियांदा : तसं कधी कुणी विचारलं नाही.

मेल्चोर : माझी बायको पांप्लोनात असते. ईस्टरच्या सुमाराला मुलगी झाली. सुईणीनं कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी घालायला हात उचलला, तेवढाही वेळ मिळाला नाही. मी नेलं तिला. आर्गा नदीच्या काठी, झाडांत. परत आलो आणि जेवायला बसलो, तुम्ही म्हणालात तसाच.

ब्रियांदा : मला काय ठाऊक हो. मी आपली बोलत सुटले.

मेल्चोर : खरंच बोललात. कुठं ठेवलंस, असं विचारते ती. दर चार दिवसांनी विचारते. मी उठून कारखान्यात जातो. जागा दाखवली तर तिथून उठायचीच नाही ती, अशी भीती वाटते. टोपडं उशीखाली ठेवते. मला माहीत नाही असं समजते.

ब्रियांदा : नाव काय बायकोचं?

मेल्चोर : ग्रासिया. नवे हात घेऊन मला यायचंच आहे. तेव्हा येताना ते टोपडं मी आणू का?

ब्रियांदा : तुम्ही नाही. तिला घेऊन या. तुम्ही बाहेर बाकावर बसा, आत ती येईल.

मेल्चोर : बरं.

ब्रियांदा : आणि मेस्त्री, तुमची वाट नदीकाठानंच येते ना?

मेल्चोर : हो, पहिला टप्पा.

ब्रियांदा : मग आधी तिथं थांबा. तिला उठायला वेळ लागला तर लागू द्या. मी इथंच आहे.