सारजाची पाटी

रावजी : आरं, मगाधरनं त्या वेलीवरच फिरतंय की! नावाला कवा हात लावणार तुझं मशीन?

मुजम्मिल : तात्या, ही नुसती चाचणी आहे, रद्दी लाकडावर. तुमची सागाची फळी अजून चढवलीच नाही.

रावजी : मंजी आजून सुरवातच न्हाय? आन् पाचला लाईट जाणार म्हणतोस!

मुजम्मिल : तसा मेसेज आलाय, मी काय करू? सकाळपासून भुसा खातोय, माझंही डोकं चालेना. तुमच्या विजयसिंहदादांनी फोनवर सांगितलं, वेल पाहिजे, दोन मोर पाहिजेत, अक्षरं उठावाची पाहिजेत. उठाव म्हणजे अक्षर तेवढं राखायचं आणि आजूबाजूची सगळी फळी खरवडायची. वेळ त्यातच जातो.

रावजी : मग पळव की जोरात.

मुजम्मिल : जोरात पळवलं की कोरायचं बिट मोडतं, नाहीतर लाकूड करपतं. काळी पाटी लावणार का दारावर?

रावजी : नगं रं बाबा. पोरगी आयला घिऊन पुण्यास्नं निघाली. डॉक्टर म्हणलं, आता घरी न्या, हितं ठिवून उपेग न्हाय. नव्या घरात सारजानं पाऊलबी टाकलं न्हाय आजून. दवाखान्यात एकच बोलली, दारावर माझंबी नाव घाला. ती यायच्या आत पाटी लागाय पायजे.

मुजम्मिल : या अल्ला! आधी बोलायचं ना, तात्या. मी आपला मोर काढत बसलोय.

रावजी : काय गाळलं की लवकर हुईल, तेवढं सांग.

मुजम्मिल : उठाव सोडू. अक्षरंच खोदू. रुंद बिटानं अक्षराचं पोट काढतो, कोपऱ्यांपुरतं बारीक लावतो.

रावजी : कर. वेल गाळ. मोरबी गाळ.

मुजम्मिल : दादा चिडतील.

रावजी : चिडू दे. त्येचीच आय हाय ती. थांब, फोन आला. हां, माधवी... यवत सोडलं? जागी हाय का? पानी पाज घोटभर. हळू आन गं. ...आजून काय गाळता यील, मुजम्मिल?

मुजम्मिल : 'माजी चेअरमन, विकास सोसायटी'. लई लांबलचक ओळ आहे.

रावजी : गाळ. साऱ्या कळस गावाला ठावं हाय मी चेअरमन हुतो ते.

मुजम्मिल : मग राहिलं वर तुमचं नाव, खाली काकींचं. तरी पाचपर्यंत ओढाताणच आहे.

रावजी : माझं गाळ.

मुजम्मिल : असं कसं, तात्या? घरावर धन्याचं नाव नको?

रावजी : घरातल्या ताट-तांब्यावर माझंच नाव हाय. हंड्यावर, कळशीवर, पार परातीवर. म्हायेरास्नं आनलेल्या भांड्यांवर तिच्या बापाचं. जल्मभर घासली तिनं ती. तिचं नाव कशावरच न्हाय रं.

मुजम्मिल : ...मग 'सौ. सारजा रावजी खारतोडे' एवढंच ठेवू?

रावजी : त्यातबी मी आलोच की. नुसतं सारजा.

मुजम्मिल : आणि आडनाव?

रावजी : तेबी माझंच. गाळ.

(मुजम्मिल सागाची फळी मशीनवर चढवतो.)

मुजम्मिल : तीनच अक्षरं. चहा येईपर्यंत होतील. मग मीच सोडतो तुम्हाला कळसला, मोटरसायकलवर.

रावजी : पोरीच्या गाडीच्या आधी पोचू?

मुजम्मिल : आरामात. वेळ उरतोय आता.

रावजी : उरतोय न्हवं? मग सावकास चालव, बाबा. खोल यिऊ दे.